बावन्न किलोचं पोतं

तांदळाचं पोतं व्हीलचेअरवर बसवून त्याला सरकारी कचेऱ्या दाखवत हिंडणारा माणूस अख्ख्या बेळगावात एकच असेल, आणि तो माझ्या शेजारी राहतो. कल्लाप्पाण्णा. पोतं नुसतं ठेवलेलं नसतं. खुर्चीला पट्ट्याने बांधलेलं असतं, त्यावर एक जुनी शाल पांघरलेली असते, आणि वर, डोक्याच्या जागी, दोन किलोची वेगळी पिशवी ठेवलेली असते. लांबून पाहिलं तर एखादी म्हातारी मान खाली घालून डुलक्या घेते आहे असं वाटतं.

एकदा पेन्शनच्या कचेरीतल्या नव्या वॉचमनलाही तसंच वाटलं. त्याने लगबगीने दार उघडलं, पंख्याखाली जागा करून दिली आणि पोत्याला टोकन दिलं. अण्णांचं तिथे काहीच काम नव्हतं, ते फक्त रॅम्प चढून-उतरून बघायला गेले होते. पण टोकन मिळालं म्हटल्यावर बसून राहिले. नंबर पुकारला तशी त्यांनी खुर्ची खिडकीपाशी नेली. आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "हयात आहेत काय?"

"न्हाय बाई," अण्णा म्हणाले, "तांदूळ हाय."

बाईंनी मान वर केली. मग अण्णांनी मोकळेपणाने सांगितलं, "तुमच्या हितं चढाय सोपं हाय, पण दारात चाकं घासत्यात, दोन इंच कमी पडतंय. तेवढं सांगाय थांबलतो."

आता त्या पोत्याचं. वरची पिशवी धरून वजन बरोबर बावन्न किलो. दवाखान्याच्या जुन्या केसपेपरवर आक्काचं तेवढं वजन लिहिलेलं आहे. आक्का म्हणजे अण्णांची बायको. न्हाणीघरात घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. खुर्ची तिची, वजन तिचं, शालही तिचीच. फक्त ती स्वतः बाहेर पडत नाही. तीन वर्षं झाली, तिने अंगणाच्या पुढे पाऊल, म्हणजे चाक, टाकलेलं नाही. आणि अण्णा तिच्या वजनाचे तांदूळ घेऊन गावभर रॅम्प तपासत फिरतात. श्रावणात आक्काचे उपवास चालू झाले की वरच्या पिशवीतून अर्धा किलो काढून घेतात. "माणूस हलकं हुतंय की रं," म्हणतात.

आम्ही गावातच, अनगोळला राहतो. आमच्या दोन घरांत एक कंबरेएवढी भिंत आहे. अण्णा जवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर आयुष्य गेल्यामुळे त्यांना जग सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात दिसतं. 'थोडंसं', 'जरासं' हे शब्द त्यांच्याकडे नाहीत. चहात साखर कमी असेल तर "दोन सूत कमी हाय" असं सांगतात. खिशात नेहमी बेअरिंगची एक पोलादी गोळी. कुठल्याही नव्या घरात गेले की आधी गोळी फरशीवर ठेवायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. आमच्या हॉलची फरशी बदलली तेव्हा सगळे शेजारी "छान, छान" म्हणत होते आणि अण्णांची गोळी सगळ्यांच्या पायांतून वाट काढत फ्रिजखाली गेली. "फ्रिजच्या अंगाला तीन सूत," अण्णांनी जाहीर केलं. माझ्या बायकोने त्यांना अजून माफ केलेलं नाही. एका लग्नात तर अक्षता टाकायच्या सोडून ते गुडघ्यावर बसले होते. लोकांना वाटलं, नवरानवरीच्या पाया पडतात.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. कुठलीही सरकारी इमारत दिसली की चारी बाजूंनी फिरून यायचं आणि मला विचारायचं, "इंजिनेर, हे कुणाच्या डोसक्यातलं रं?"

मला विचारायचं कारण, मी सरकारी बांधकामांकडे ज्युनियर इंजिनिअर आहे. आणि माझं ठरलेलं उत्तर, "वरनं आलंय, अण्णा."

ते खरंही आहे. आमच्याकडे नकाशे वरून येतात. शाळा असो, पंचायत असो, त्याचा एक ठराविक नकाशा असतो. आम्ही त्याला टाईप प्लॅन म्हणतो. एकच नकाशा सगळ्या राज्याला. त्यामागचा विचार वाईट नाही. कुणी मनमानी करू नये, कुठल्या गावाला कमी-जास्त मिळू नये. पण मग होतं काय, की निपाणीकडच्या तंबाखूच्या माळावर जी इमारत उभी राहते, तीच खानापूरकडच्या भाताच्या खाचरातही उभी राहते. सपाट स्लॅब, त्यावर चार महिने पाणी. खिडक्या बरोबर पावसाच्या तोंडाला. "ह्या बिल्डिंगनं आपला पाऊस बघितल्याला न्हाय," अण्णा तिच्याकडे नवख्या पाहुणीकडे बघावं तसं बघत म्हणतात. "बिचारी भिजाय लागली की कावरीबावरी हुती."

नियमही वरूनच येतात. रॅम्प हवा, हा असाच एक चांगला नियम. रॅम्प नसेल तर इमारत पूर्ण झाली असं धरत नाहीत. त्यामुळे रॅम्प सगळीकडे झाले. अण्णांच्या वहीत सगळ्यांची नोंद आहे. एका कचेरीचा रॅम्प नीट चढतो आणि कायमचं कुलूप असलेल्या ग्रिलपाशी संपतो. एकाचा जनरेटरपाशी. एक तर इतका सुंदर की स्टाफच्या सगळ्या मोटारसायकली त्याच्यावर लावलेल्या. "रॅम्प हाय सगळीकडं," अण्णा म्हणतात, "जायाला वाट तेवढी न्हाय."

पूर्ण मार्क मिळालेली एकच इमारत त्यांच्या वहीत आहे. गुरांचा दवाखाना. तिथला उतार जुना, दगडी, आणि एकास बारा बरोबर. म्हणजे एक फूट वर जायला बारा फूट लांबी. हेच नियमातही लिहिलंय, हेच बसलेल्या माणसाला झेपतं. बाकी कुठे नाही आणि तिथेच कसं, असं मी एकदा विचारलं.

"अरं, म्हशीसाठी केल्याला न्हवं काय त्यो," अण्णा म्हणाले. "माणसाला कागद दाखिवला की माणूस गप्प बसतंय. म्हशीला उतार जास्त झाला तर ती चढतच न्हाय. मग डाक्टर खाली येतोय."

मी हसलो. पण त्या रात्री जेवण गेलं नाही. आता ते का, हे सांगतो. तीन वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बोलण्यात मी पहिल्यापासून मागे, आणि न बोलण्याची सवय सरकारी नोकरीत चांगली मुरते.

आक्काचं माहेर खानापूरच्या वाटेवरचं एक छोटं गाव. तिथे पंचायतीची नवी इमारत झाली; एका अंगाला कचेरी, दुसऱ्या अंगाला वाचनखोली. काम माझ्याकडे होतं. नकाशात जोतं दीड फूट आणि रॅम्प अठरा फूट. एकास बारा, बरोबर. पण जागा खाचराच्या कडेची. दीड फूट जोतं ठेवलं तर पहिल्याच पावसात कपाटं तरंगली असती. म्हणून जोतं तीन फूट केलं. तेही नियमाला धरूनच, जागा बघून जोतं वाढवायला परवानगी असते. रॅम्प मात्र नकाशातला, तो अठरा फूटच. वाढवायचा तर नवा नकाशा, नवी मंजुरी, आणि मार्च तोंडावर आलेला. मार्चनंतर काम अडकलं की किती वर्षं अडकेल सांगता येत नाही.

तर जोतं बरोबर, रॅम्पची लांबी बरोबर, आणि दोन्ही मिळून उतार एकास सहा. घसरगुंडी. मी आजही कागदावर मांडून बघतो आणि गोंधळतो. नकाशा काढणाऱ्याचं चुकलं म्हणावं तर त्याने हे खाचर पाहिलेलं नव्हतं. नियम करणाऱ्याचं म्हणावं तर नियम आक्कासाठीच केलेला होता. चूक नेमकी कुणाच्या हातून झाली ते मला अजून सांगता येत नाही. खोटं कुणी लिहिलं ते सांगता येतं. पूर्णत्वाच्या दाखल्यात 'रॅम्पचा उतार' या रकान्यापुढे 'एकास बारा' हे अक्षर माझं आहे.

उद्घाटनाला आक्काला मानाचं बोलावणं होतं. तिचे वडील गावचे मास्तर. त्यांची पुस्तकांची एक आख्खी ट्रंक आक्काने वाचनखोलीला दिली होती. ती नवं लुगडं नेसून आली. गावकऱ्यांनी बँड लावला होता. मी वर दारात, पाहुण्यांच्या मागे उभा. अण्णा खुर्ची ढकलत रॅम्प चढू लागले. निम्म्यापर्यंत आले. तिथे क्षणभर खुर्ची थांबली, अण्णा कठड्याकडे ढकलले गेले, आणि मग आक्का आमच्याकडे बघत बघतच मागे जाऊ लागली. सरळ खाली, आणि धम्म! बँडवाल्याच्या मोठ्या ढोलावर जाऊन आदळली. ढोलाचा असा आवाज झाला की सगळा मांडव हसला. कुणाला लागलं नव्हतं, म्हणून हसणं जास्तच मोकळं.

मीही हसलो. हे लिहून टाकतो, नाहीतर परत राहून जाईल.

चारजण पुढे झाले, "आक्का, उचलून नेतो की!" म्हणाले. तेव्हा आक्का एवढंच म्हणाली, "मला घरी न्या." आणि मी पायऱ्या उतरून, शहाण्या माणसाच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अण्णा, खुर्चीचे ब्रेक तपासून घ्या. ढिले असतील."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा खुर्ची दुरुस्त करायला लागले. भिंतीपलीकडून मला दिसायचं. ब्रेक बदलले. बेअरिंग बदललं. चाकं काढली, घासली, परत बसवली. मग पोतं आलं. मग रोजची फेरी. संध्याकाळी परत आले की आक्का दारातल्या बाजेवरून विचारायची, "कशी चालली आज?" आणि अण्णा सांगायचे, "कालच्यापेक्षा बरी. डाव्या चाकात अजून एक सूत खेळ हाय." हे मी तीन वर्षं ऐकलं. खिडकी लावून घेतली तरी ऐकू यायचं. एका उत्तम कारागिराला मी नसलेल्या आजाराच्या मागे लावून दिलं होतं. आणि एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. एवढ्या कचेऱ्या फिरले, पण आक्काच्या माहेरच्या त्या इमारतीत मात्र पोतं कधी नेलं नाही.

गेल्या महिन्यात वरून नवं पत्रक आलं. जुन्या इमारतींमधले रॅम्प पुन्हा तपासून फॉर्म भरून द्या. माझ्या टेबलावर आलेल्या गठ्ठ्यात तो फॉर्म होता. तीच इमारत, तोच रकाना. पेन हातात घेतलं आणि ते पुढे जाईना. रविवारी सकाळी मी भिंतीपाशी जाऊन म्हणालो, "अण्णा, पोतं घ्या. आक्काच्या माहेरी जाऊन येऊ."

अण्णांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग शाल घेतली.

रविवार, त्यामुळे पंचायत बंद. रॅम्पवर शेवाळ, कठड्याला कुणाचं तरी धुणं वाळत घातलेलं. अण्णा पायऱ्यांनी वर गेले, खिशातून गोळी काढली आणि रॅम्पच्या माथ्यावर ठेवली. गोळी ठेवली म्हणेपर्यंत खाली, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून गटाराकडे. अण्णा हलले नाहीत. पन्नाशीचा सरकारी इंजिनिअर गोळीच्या मागे धावला. ती घेऊन धापा टाकत परत आलो आणि दम लागलेला असतानाच बोलून टाकलं, नाहीतर बोललो नसतो.

"अण्णा, खुर्ची चांगली होती. उतार खोटा आहे. दाखला मी लिहिला."

"ठाव हाय," अण्णा म्हणाले.

"कधीपासनं?"

"त्याच दिवशी. ती गाडीत बसून रडत हुती, तवा म्या येऊन पाणसळ लावली. एकास सहा."

"मग मला कधी बोलला का नाही?"

"तू बोललास काय?"

अण्णा कठड्याला टेकले. "घरी गेल्यावर तिनं इचारलं, कशानं झालं वं? म्हटलं, ब्रेक. तूच म्हणालतास की. मला बरंच वाटलं रं. खुर्ची म्हंजे माझ्या हातातली वस्तू. उद्या नीट करतो म्हणाय येतंय. सरकारचा उतार म्या कुठनं नीट करू? तसं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ऱ्हाऊ दे मग, ऱ्हायलंच आता."

"पण मग पोतं कशाला?"

"एक तरी नीट चढ सापडू दे म्हटलं. तिथं तिला पयल्यांदा न्यायचं. वर गेली की म्हणंल, खुर्ची बरी झाली." त्यांनी माझ्या हातातली गोळी घेऊन खिशात टाकली. "सापडला तर म्हशीचा. तिथं कुठल्या तोंडानं न्यायची?"

मला हसू आलं. अण्णांनी पोतं सोडून खाली ठेवलं, त्यावर शाल नीट पांघरली, आणि खुर्चीकडे हात केला. "बस."

"मी?"

"तूच की. बस."

बसलो. माझं वजन बावन्नच्या बरंच पुढे. अण्णा मागून रेटू लागले. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. असे रॅम्प मी आजवर किती पास केले असतील, पण बसून कधी बघितलं नव्हतं. बसलेल्या माणसाला उतार पुढे दिसत नाही, तो पाठीत जाणवतो. निम्म्यावर खुर्ची थांबली. पुढे दार, मागे काय ते दिसत नाही.

"सोडू?" अण्णांनी विचारलं.

"नको, अण्णा."

"तीबी असंच म्हणाली हुती. 'सोडू नगा वं.'" त्यांनी दांडीवरची पकड घट्ट केली, ते मला पाठीत कळलं. "उतार तुझा आसंल, सरकारचा आसंल. त्या दिवशी हात माझाच निसटला रं. हे तिला सांगितल्यालं न्हाय. त्या परीस ब्रेकच बरा."

मग एकेक पाऊल मागे टाकत, त्यांनी मला खाली आणलं. इतक्या हळू की मला कितीतरी वेळ कळलंच नाही की आपण सपाटीवर आलो आहोत. परतीच्या वाटेवर पोतं मागच्या सीटवर शाल पांघरून बसलं होतं. आमच्या तिघांत तेच निवांत होतं.

आक्का दारातल्या बाजेवरच होती. "कशी चालली वं आज?"

अण्णा सवयीने म्हणाले, "बरी चालली. जरासा…" आणि तिथेच थांबले. ज्यांच्या तोंडात 'जरासा' शब्द कधी येत नाही, त्यांच्या तोंडून तो आला आणि पुढे सूत काही सापडेना.

मी सांगितलं. जोतं, रॅम्प, मार्च, दाखला, ब्रेकचं खोटं, आणि मी हसलो होतो तेही. अण्णांच्या हाताचं मी सांगितलं नाही. ते माझं नव्हतं. आक्काने सगळं ऐकलं. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तू हसलेला बघितलतं म्या. लई वाईट वाटलं हुतं." बस्स, एवढंच. मी मान खाली घातली.

मग ती अण्णांकडे वळली. अण्णा पोतं परत खुर्चीवर बसवून पट्टा आवळत होते, पट्टा लागत नव्हता. आक्काने खुर्चीच्या दांडीवरचा त्यांचा हात धरला, तळवा उलटा केला आणि त्यावरचे घट्टे बघत राहिली. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, मला सांगता येणार नाही.

"उद्या पोतं घरात ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"आनि?"

"आनि काय? तुमच्या त्या म्हशीच्या दवाखान्यात जाऊ या. चढ चांगला हाय म्हणताय न्हवं?"

अण्णांनी वरची दोन किलोची पिशवी उचलून छातीशी धरली आणि आत नेऊन ठेवली.

सोमवारी सकाळी मी घरी आणलेला फॉर्म भरला. 'रॅम्पचा उतार' या रकान्यात 'एकास सहा' लिहिलं आणि खाली सही केली. आता वरून काय येईल ते मला माहीत नाही. खिडकीतून बघितलं तर अण्णा खुर्ची ढकलत गल्लीच्या टोकाला पोचले होते. आक्काने तीच शाल घेतली होती, आणि अण्णा वाकून तिला काहीतरी विचारत होते. दर चार पावलांवर.